झाकलेलं ताट

"आधी बस. मग जेव. मग बोल."

दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगायची, आणि सांगताना हातातल्या डावाने खुर्ची दाखवायची. त्या खुर्चीवर आधीच कोणी बसलेलं असलं तरी तीच.

तुम्ही सॅन होजेला गेला असाल तर असल्या एखाद्या इमारतीवरून नक्की गेला असाल. पुढे बसस्टॉप, मागे पार्किंग, आत एक हॉल आणि स्वयंपाकघर. अमेरिकेचे जे मूळ रहिवासी शहरात राहतात, त्यांचं हे केंद्र. २००४ साली आमच्या कंपनीने त्यांना जुने कॉम्प्युटर दिले, ते लावायला मी सनीव्हेलहून गेलो. बायको जाऊन काही महिने झाले होते. घरी लवकर परतायचं काही कारण नव्हतं. बुधवारी संध्याकाळी तिथे म्हाताऱ्या मंडळींचं जेवण असे. मी दर बुधवारी जाऊ लागलो.

सगळे तिला आन्टी म्हणत. सत्तरी ओलांडलेली, बारीक वेणी, दुखरे गुडघे. तिने मला वाढायला उभं केलं, तेव्हा प्रत्येकाला बटाटे सारखे मिळावेत म्हणून मी फार जपून चमचा भरत होतो.

"इंजिनिअर, वाढतोयस की मापतोयस?" ती म्हणाली. रांगेतले म्हातारे खो खो हसले.

कोणी जेवायच्या आधी ती एका कागदी ताटलीत प्रत्येक पदार्थाचा घास काढायची आणि मागच्या झाडाखाली ठेवून यायची. गेलेल्या माणसांसाठी. हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. श्राद्धाचं पान बाहेर ठेवलेलं पाहतच आपण मोठे झालो. फक्त इथे कावळ्याची वाट पाहत कोणी थांबत नसे.

"ते येतात," ती म्हणायची. "आपण टक लावून बघितलं तर लाजतात."

एका बुधवारी ती कामात असताना मला ओट्यावर फॉइलने झाकलेलं एक भरलेलं ताट दिसलं. बाहेर न्यायचं विसरली असेल, असं समजून मी ते उचललं, झाडाखाली नेऊन ठेवलं, वर हातही जोडले. तेवढ्यात मागून आवाज आला. त्या गुडघ्यांनी ती पार्किंगमधून जवळजवळ धावत येत होती.

"उचल! आधी उचल ते! माझा भाऊ जिवंत आहे!"

ताट आत आलं. फॉइलच्या कडा पुन्हा दाबून बसवत तिने सांगितलं. तिच्या तरुणपणी सरकारने राखीव वस्त्यांमधल्या लोकांना शहरात कामाला आणायची योजना काढली होती. तिकीट मिळे, पण येण्यापुरतंच. साउथ डकोटातून ती आणि तिचा धाकटा भाऊ एकाच बसने आले. काही वर्षांनी दोघांचं भांडण झालं आणि तो निघून गेला.

"ऐन जेवायच्या वेळी गेला," ती म्हणाली. "उपाशी."

तेव्हापासून त्याचं ताट आत, झाकून. केंद्र बंद व्हायच्या सुमारास जो कोणी उशिरा येई, त्याला ते मिळे.

जेवणं आटोपली की ती कॉम्प्युटरपाशी माझ्या शेजारी येऊन बसायची. "टाक त्याचं नाव." मी टाकायचो. फार तर त्याच नावाचा कुठला तरी प्लंबर निघे.

"काही नाही, आन्टी."

"तो मेल्याचं कुठे आलंय?"

"नाही."

"मग कुठेतरी कॉफी पीत माझ्या तक्रारी सांगत असेल."

मला कुतूहल होतं. इतक्या वर्षांनंतर तिला खरंच तो येईलसं वाटत होतं का? एकदा विचारलंच.

"ताट कुठे ठेवायचं, एवढं माझ्या हातात आहे," ती म्हणाली. मग एकदम माझ्याकडे वळली. "तुझ्या बायकोचं कुठे ठेवतोस?"

"ठेवत नाही."

"तिला काय आवडायचं?"

पुढच्या बुधवारी मी फ्रिजमधली लिंबाच्या लोणच्याची बरणी नेली. बायकोने घातलेली ती शेवटची. तोवर मी ती उघडली नव्हती. आन्टीने एक फोड बाहेरच्या ताटलीत ठेवली, बोट चाटलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हे जिवंतांनाही चालेल," ती म्हणाली. बरणी काही माझ्या घरी परत आली नाही.

२००७च्या हिवाळ्यात ती गेली. पुरायला तिला साउथ डकोटाला नेलं. भावाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

त्यानंतरच्या बुधवारी तिच्या जागी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी बाहेरची ताटली माझ्या हातात दिली. मी ती झाडाखाली ठेवली, शेजारी आन्टीसाठी काळ्या कॉफीचा कप ठेवला, आणि टक लावून न बघता आत आलो. बाई दुसरं ताट भरून तशाच उभ्या होत्या.

"आता हे कुठे?"

"आत," मी म्हणालो. "झाकून."

बंद करायच्या वेळी एक तरुण मुलगी आली. अंगावर भिजलेला कोट, हातात सुटकेस. दारातच उभी राहून ती काहीतरी सांगू पाहत होती, पण सुरुवात कुठून करावी हे तिला सुचत नव्हतं. मी फॉइल काढलं. डाव हातातच होता, त्यानेच खुर्ची दाखवली.

"आधी बस," मी म्हणालो.