तू नको, शॉक बसेल

त्या शनिवारी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खुर्च्या मांडून झाल्या होत्या. तालुक्यातले विज्ञानशिक्षक चहा घेत होते आणि प्रशिक्षण देणारी सुमन भोईर अजून आली नव्हती. राजनोली नाक्यावर कंटेनर अडकून रस्ता तुंबला असेल, असं मी सगळ्यांना सांगत होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, सुमन सकाली उठलीच न्हाय..." पुढचं मला ऐकू आलं नाही.

सुमन कोन गावची, शेतकऱ्याच्या घरातली पहिली बी.एस्सी. आम्ही बरोबरच शाळेत लागलो. मी गणिताला, ती विज्ञानाला. डब्यात सुकटाची चटणी, आवाज खणखणीत, आणि मुलांवर माया अशी की दुसऱ्या वर्गातली पोरंही तिच्या तासाला दाराशी उभी राहायची. लॉकडाऊन उठल्यावर शाळेत न परतलेल्या मुलांसाठी ती आपले तास फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. काही वर्षांनी, स्टाफरूममध्ये बसून फोन रिकामा करताना, त्यातलाच एक तास तिने सहज लावला. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "हे ऐक गं."

वर्गातली राहनाळ गावची वैशाली विचारत होती, "बाई, वायर मी जोडू?" आणि सुमनचाच प्रेमळ आवाज, "तू नको, शॉक बसेल. अमोल, ये रे तू."

"टॉर्चचा सेल होता तो," सुमन म्हणाली. "त्याचा कसला शॉक?"

वैशाली तोवर दहावीनंतर शिक्षण सोडून पूर्णा गावातल्या एका गोदामात शिफ्टला लागली होती. सुमन तिला गाठायला गेली, मलाही बरोबर घेऊन. शिफ्ट सुटल्यावर वैशाली धावतच आली, पाया पडली. सुमनने त्या तासाबद्दल विचारलं, तर ती हसली. "माना तं आठवत पन न्हाय, बाई. आपल्याला विज्ञान न्हाय जमनार, एवराच वाटायचा." आयटीआयचा विषय काढला, तेव्हाही हसलीच. "आता राहू द्या." पोर प्रसंग विसरली होती, आणि त्यातून जे घ्यायचं नव्हतं तेवढं मात्र घेऊन गेली होती... हे सुमनच्या मनातून कधी गेलं नाही.

पुढची सगळी प्रशिक्षणं त्यातून निघाली. सुरुवातीला ती स्वतःचाच तो तास ऐकवायची, मुलीचं नाव गाळून. मग शिक्षकांना विचारून त्यांच्या वर्गात मागे बसायची, तास रेकॉर्ड करायची आणि त्यांच्यासोबत बसून तो ऐकायची. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये तेच: मुलांना 'का?' विचारलं जायचं, मुलींना 'वाचून दाखव'. शिक्षक पुरुष असो वा बाई, फारसा फरक नसे.

आमचे जोशी सर पहिल्याच दिवशी चिडले होते. "मुलींना आम्ही कधी कमी लेखलं, हो? काळजीपोटीच सांभाळून घेतो ना?"

"काळजीच आहे, सर," सुमन म्हणाली. "म्हणून तर ती चूक वाटत नाही."

त्यांनी बरेच महिने तिला वर्गात येऊ दिलं नाही. शेवटी एकदा दिलं. रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मुलींचं वाक्य मी पुरंसुद्धा होऊ देत नाही..." एवढंच म्हणाले.

सुमनला जाऊन आता महिना उलटलाय. तिचा पांढरा ॲप्रन प्रयोगशाळेच्या दारामागच्या खिळ्याला अजून तसाच आहे. काढायला कुणाचा हात धजत नाही. पंखा लागला की त्याच्या बाह्या हलतात. परवा मी प्रयोगशाळेच्या खिडकीजवळून जात होते. आत जोशी सरांनी प्रश्न विचारला, मुलांच्या बाकांवरून हात वर गेले, सर एकाचं नाव घेणार, एवढ्यात ॲप्रन हलला. सर शब्द अर्धा टाकून थांबले. दाराकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "हो, बाई..."

आणि मुलींच्या बाकांकडे वळून उभे राहिले. एखादा हात वर यायची वाट बघत.