उरलेल्या गोळ्यांची डबी आणि बिसेन मॅडम

बिसेन मॅडमची आणि माझी ओळख त्यांच्या ओरड्याने झाली. गोंदियाच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. करत होते. एके दिवशी प्रयोगाची डिश टाकायला निघाले, तर त्यांनी अडवलं. डिशमध्ये काय दिसतं ते मोठ्याने सांगितल्याशिवाय ती टाकायची नाही, हा त्यांचा दंडक.

"काही आलंच नाही, मॅडम. फसला प्रयोग."

"औषधाची चकती ठेवली, तरी तिला चिकटून जंतू वाढलेत. याला काही नाही म्हणतेस?"

त्यांनी तो प्रयोग तीनदा करायला लावला आणि तिन्ही वेळा तेच दिसलं. दवनीवाड्याच्या, म्हणजे माझ्याच गावच्या बोडीतल्या, त्या छोट्या तळ्यातल्या, पाण्यातला तो जंतू औषधाला जुमानत नव्हता. गावाची बदनामी होईल म्हणून मी घरी अवाक्षर काढलं नाही.

पुढे मॅडमनी एक जाहिरात समोर ठेवली. असे जंतू झटपट ओळखणारं उपकरण बनवायचं होतं आणि त्यासाठी जैववैद्यकीय अभियांत्रिकीत पीएच.डी.ची जागा होती. अशा जागा आपल्यासाठी नसतात, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी अर्ज चार वेळा लिहून घेतला. निवड झाली, पण आता शिक्षण पुरे म्हणत बाबांनी साफ नाही म्हटलं. रुजू व्हायला आठवडा उरला होता, तेव्हा मी मॅडमना सांगितलं.

मॅडम खोकत खोकत आमच्या घरी आल्या. बाबांनी पाहुणचार म्हणून फळीवरची डबी पुढे केली.

"दोन गोळ्या घ्या मॅडम, खोकला पळते."

"काय आहे यात, काकाजी?"

"मागच्या बिमारीतल्या उरल्या. बरं वाटलं का मी बंद करतो. शेजाऱ्यालेही देतो. फेकाच्या कायले?"

मॅडम रागावल्या नाहीत. "अशा अर्धवट आणि न विचारता घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनीच जंतू निर्ढावतात. तुमच्या बोडीतला तसा जंतू तुमच्याच पोरीने शोधला. तेच काम करायला तिला बोलावलंय."

बाबांनी हातातल्या डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "आमच्या बोडीतला? मंग मले काऊन नाही सांगितलं?" आणि डबी मॅडमच्या हाती देत म्हणाले, "कवा जाचं हाये इले?"

आज माझं संशोधन शेवटच्या टप्प्यात आहे. उपकरण अजून अधूनमधून रुसतं. तेव्हा मी समोर दिसतं ते मोठ्याने बोलते आणि पुन्हा कामाला लागते. मॅडमच्या फुलचूर गावातल्या घरी आजही मुलं अर्ज घेऊन येतात आणि चौथ्यांदा लिहायला परत जातात. त्यांच्याविना मी ती डिश धुऊन टाकली असती, आणि तिच्यासोबत माझं पुढचं शिक्षणही. हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

मॅडमनी नुकतीच साठी पूर्ण केली. गेल्या महिन्यात त्या तापाने पडल्या होत्या. कळताच बाबांनी फोन लावला. "मॅडम, डॉक्टरनं देल्ल्या गोळ्या पुऱ्या खाजा. मधातच बंद नोका करू."

मॅडमना ठणठणीत, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यांनी माझ्या बाबांचं ऐकावं.