डबा म्हणतो, मी मस्त आहे

“साइट चालू आहे अक्का. तुमचं नेट बघा एकदा.”

सकाळपासून तिसऱ्यांदा मी हेच सांगत होतो. बनशंकरीच्या सुधाक्का दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकतात. दिवाळी चार दिवसांवर, आणि त्यांची साइट म्हणे कुणाच्याच फोनवर उघडेना.

“नेट नेट काय लावलंयस? चिरोट्यांनी पराती भरल्यात, ऑर्डर एक नाही! संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर मी दुसरा माणूस बघते. सरी? कळलं ना?”

कोरमंगल्यातल्या आमच्या पाच जणांच्या कंपनीचं हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माझे बॉस राघवेंद्र सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“डॅशबोर्ड?”

“हिरवागार, सर.”

“मग अक्का खोटं बोलतायत?”

आता मी स्वतःच्या फोनवर साइट उघडायला गेलो. उघडली नाही! हे सकाळीच करायला हवं होतं. पण साइटची तब्येत दाखवणारा हा डॅशबोर्ड मीच बनवलेला, त्यामुळे त्याच्यावर माझा भारी विश्वास.

आमचं एक टूल दर पंधरा सेकंदांनी साइटला विचारतं, ‘बरी आहेस ना?’ उत्तर आलं की डॅशबोर्ड हिरवा. याला स्क्रेप करणं म्हणतात. हे टूल मी नुकतंच कंटेनरमध्ये बसवलं होतं. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचा झाकणबंद डबा. साइट शेजारच्या डब्यात. कुणाला विचारायचं, तिथे मी लिहिलं होतं ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘इथेच घरात’. डब्यातलं घर म्हणजे तो डबाच! पोर्ट नंबर, म्हणजे दाराचा क्रमांक, तोही दोघांचा एकच. गाढव आठवडाभर स्वतःलाच विचारत होतं आणि ‘मस्त’ म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होतं. गाढव कोण, ते सरांनी विचारलं नाही.

मी साइटचं खरं नाव टाकलं.

“सर, डॅशबोर्ड सुधारला.”

“अरे, लाल झालाय!”

“म्हणूनच म्हणतोय.”

सर हसले नाहीत. साइटची डिस्क भरून गेली होती. ती रिकामी करून रीस्टार्ट दिला. दहा मिनिटांत चिरोट्यांची पहिली ऑर्डर आली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग अक्कांना फोन करून सगळं कबूल केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या मात्र खो खो हसल्या.

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच! स्वतःच पोहे करायचे, स्वतःच फक्कड म्हणायचे. राहू दे. उद्यापासून रोज सकाळी मीच साइट उघडून बघते. बंद दिसली की तुला उठवते.”

गिऱ्हाईक ‘बंद’ म्हणालं, तर आधी आपण दार ढकलून बघावं. त्यानंतर साइट दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा लाल डॅशबोर्ड मी बघायच्या आधीच अक्कांनी मला उठवलं.