वर्लिनची सीट

वर्लिन टकेटने मला ट्रक शिकवला, असं कंपनीच्या कागदावर आहे. कागद बिचारा काहीही खपवून घेतो.

वर्लिन म्हणजे भलं थोरलं पोट, त्यावर डोनटचा चुरा, आणि टोपीवर 'बारा वर्षं, एकही अपघात नाही' असा पितळी बिल्ला. अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य ओलांडताना तो केबिनमधल्या मागच्या गादीवर घोरायचा आणि ट्रक मी हाकायची. हा कसला गुरू, म्हणून आधी मला संताप यायचा. पुढे कळलं, की तो जागेपणी जे शिकवतो त्यापेक्षा त्याचं घोरणंच बरं.

ट्रक ट्रेलरला जोडला की आधी त्याला हलकासा हिसका द्यायचा, मग खाली उतरून, वाकून, ट्रेलरला पकडणारा ट्रकचा लोखंडी जबडा नीट मिटलाय का ते डोळ्यांनी बघायचं, आणि त्यानंतरच ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायचे. ड्रायव्हिंग शाळेत हे पहिल्या दिवशी शिकवतात. वर्लिनला वाकणं जमत नव्हतं, म्हणून त्याने त्याचं तत्त्वज्ञान केलं होतं. मी वाकले की हा वरून म्हणणार, "चिखलात काय शोधतेस, आजीबाई? खट् आवाज आला ना, झालं." नाचता येईना अंगण वाकडं.

माझी उंची बेताची. त्याच्यानंतर बसताना मला सीट पार पुढे ओढावी लागे, नाहीतर पाय पेडलला पोचायचे नाहीत. त्यावरही दर वेळी तोच शिळा विनोद: "पाय घरी विसरून आलीस का?"

मी ऐकून घ्यायची. नवरा गेल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून या धंद्यात आले होते आणि मागे जायला वाट नव्हती. शिकाऊपणी एक अपघात झाला, की कंपनी हातात घरी परतायचं बसचं तिकीट ठेवते, आणि मग दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही. माझ्याआधीच्या एल्डन नावाच्या शिकाऊचं तसंच झालं होतं. ट्रेलर नाकावर पाडला गाढवाने, असं वर्लिन पोट धरून हसत सांगायचा.

माझी परीक्षा दोन दिवसांवर आली होती. ग्रँड आयलंड गावातल्या कंपनीच्या यार्डात मांसाने भरलेला ट्रेलर उचलायचा होता. वर्लिनने मला नेहमीप्रमाणे कॉफी आणायला पिटाळलं. म्हणाला, तू वाकत बसशील तर जेवायची वेळ होईल, मीच जोडतो.

दोन्ही हातांत कॉफी घेऊन मी यार्ड ओलांडत होते. तेवढ्यात ट्रक पुढे सरकला, ट्रेलर जागेवरच राहिला आणि नाकावर आपटला. दणका कँटीनपर्यंत गेला. जबडा मिटलाच नव्हता.

वर्लिन कधी नव्हे तो चपळाईने खाली उतरला. चेहरा पांढराफटक.

"हे बघ, तू चालवत होतीस असं सांगू," तो घाईघाईने म्हणाला. "नवीन माणसाला माफ करतात. माझी बारा वर्षं आहेत गं."

मला त्या माणसाची किळस आली. मी उत्तर देण्याआधीच यार्डाचा मुकादम ओडेल धावत आला आणि वर्लिनने हात झटकून टाकले. हजारदा सांगितलं होतं हिला की उतरून बघ, असं तो मान हलवत म्हणाला. ज्यावरून माझी टिंगल केली, तेच माझ्या तोंडावर मारलं मेल्याने.

ओडेलने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत मला बसचं तिकीट दिसलं.

"ओडेल, सीट बघ," मी म्हणाले.

तो केबिनमध्ये चढला. सीट पार मागे होती, वर्लिनच्या पोटाला पुरेल इतकी. त्याने मला वर बोलावलं आणि बसायला सांगितलं. मी बसले. माझे पाय पेडलच्या वीतभर अलीकडे लोंबकळत राहिले. वर्लिन खाली उभा राहून बुटांकडे बघत होता. पाय घरी विसरल्याचा विनोद त्याला त्या वेळी सुचला नाही.

ओडेलही हसला नाही. त्याने सीटच्या पाठीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "तो एल्डन ओरडून सांगत होता, की मी चालवतच नव्हतो. आम्ही त्याला खोटारडा म्हणून बसमध्ये बसवलं."