कमरेतले दोन इंच

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे जे होऊन गेलं ते का होणारच होतं, हे वर्षभर मुलांना पटवून देतो. पुढे काय होणार हे विचारायचं असेल तर आमच्या घरातलं कुणी माझ्याकडे फिरकत नाही, सगळे आत्याकडे जातात. याचं मला पूर्वी फार वाईट वाटायचं. आता मीही तिच्याकडेच जातो.

आत्या कामगारांचे गणवेश शिवते. बायकांचे कपडे ती घेत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरेपर्यंत शिवत बसायला एक जन्म पुरणार नाही, असं तिचं म्हणणं. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. दोन मशिनी, कापडं कापायचं लांब टेबल, खिडकीशी इस्त्री आणि भिंतीवर खिळ्याला टोचलेले कागद. एकेक कागद म्हणजे एकेका कंपनीची ऑर्डर. आत्या उंचीने पाच फुटांच्या आतच, त्यामुळे खांद्याचं माप घ्यायला तिने एक लाकडी स्टूल ठेवलं आहे. टेप गळ्यात टाकून ती स्टुलावर चढली की समोरचा माणूस कितीही दांडगा असला तरी प्रार्थनेला उभा केल्यासारखा ताठ होतो.

मंदी आल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. आत्याला ते त्याच्या सात महिने आधी कळलं होतं. नव्या गणवेशांच्या ऑर्डरी लांबायला लागल्या आणि लोक जुने कपडे घेऊन यायला लागले. विरलेली कॉलर उसवून उलटी बसवून द्या, मोठ्या भावाची पॅंट धाकट्याच्या मापाची करून द्या, ही पॅंट ढिली होतेय, कमरेत आत घ्या. मी म्हटलं, असेल एखादा महिना वाईट. ती म्हणाली, चांगल्या दिवसांत कुणी कॉलर उलटवून मागत नाही. मी ते हसण्यावारी नेलं, आणि त्याच आठवड्यात वर्गात ‘अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे’ असं छातीठोकपणे सांगितलं. ते व्याख्यान आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात.

मग पंपांचा कारखाना बंद पडला. काका, म्हणजे आत्याचे यजमान, तिथे सव्वीस वर्षं लेथवर होते. त्या दिवशी ते दुपारी तीनलाच घरी आले. हातात जेवणाचा डबा होता आणि डब्यातलं जेवण जसंच्या तसं. पुढे महिनाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. आत्या एकीकडे मशीन चालवायची आणि दुसरीकडे त्यांच्याकडे बघत राहायची. तिच्या हातून त्या महिन्यात दोन बाह्या उलट्या बसल्या, इतकं सांगितलं तरी पुरे.

पण काका मुळात फार वेळ दुःखी राहू शकणारा माणूस नव्हे. त्यांना शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी, आणि मधल्या वेळात ते दुकानात बसून बटणं लावायला शिकले. पंपाच्या दांड्याला केसाइतकी चूक खपवून न घेणारा माणूस बटणाला कशी खपवून घेईल? चारही भोकांत दोरा सारखा. गिऱ्हाइकांशी गप्पा, गप्पांबरोबर चहा, चहाबरोबर बिस्किटं. मंदीत सगळ्यांच्या कमरा आत गेल्या, आमच्या काकांची एकट्याची बाहेर आली.

दोन वर्षांनी आकडे सुधारले. सलग तीन तिमाही वाढ, निर्यात वर, सगळ्या बातम्यांत हिरवे बाण. कारखान्याचं काकांना पत्र आलं, की काम पुन्हा सुरू होतंय, जुन्या कामगारांनी रुजू व्हावं. बसची नोकरी सोडावी लागणार होती, आणि ती एकदा सोडली की परत मिळणार नव्हती, कारण तिच्यासाठी रांग लागलेली होती. काकांनी मला बोलावणं धाडलं. मी खूश. टेबलावर पडलेल्या एका खाकी कागदावर मी त्यांना आलेख काढून दाखवला, इथे खड्डा, इथून चढ, तुम्ही आता इथे उभे आहात. तेवढ्यात आत्या आली आणि तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला, कारण मी जिथे चढ काढला होता तो कुणाच्या तरी उजव्या पायाचा साचा होता.

मग तिने खिळ्यावरचा एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्याच कारखान्याने साठ गणवेश मागवले होते. लहान, मध्यम, मोठा अशी तीन मापं, खिशावर नाव नाही, शिवणीत अर्धा इंच.

“ज्याला ठेवायचं असतं, त्याच्या पॅंटला कमरेत दोन इंच माया सोडायला सांगतात,” ती म्हणाली. “माणूस टिकतो, पोट सुटतं, मग आतलं कापड कामाला येतं. इथे अर्धाच इंच सांगितलाय. जाड व्हायच्या आत घरी पाठवायचा विचार आहे त्यांचा.”

मी सांगून बघितलं, की तीन तिमाहींची वाढ एका पॅंटीने खोटी ठरत नाही. एका पॅंटीने नाही, साठ पॅंटींनी, असं तिने मला सुनावलं. काका गेले नाहीत. मात्र आठ दिवस फुरंगटून बसले, आणि त्या आठ दिवसांत त्यांनी इतकी घट्ट बटणं लावली की ती काजातून जाईनात.

त्यांचा दोस्त मात्र कारखान्यात रुजू झाला. याला सगळे लंबू म्हणतात, आणि म्हणायला दुसरं काही सुचूही नये असाच तो आहे. ‘मोठा’ मापाची पॅंट त्याच्या घोट्याच्या वर चार बोटं राहायची. चार महिन्यांनी कारखान्यातून एक पोतं आत्याच्या दारात येऊन पडलं. साठच्या साठ गणवेश, धुतलेले, किरकोळ शिवून द्या म्हणून. ते घालणारे घरी गेले होते आणि आता तेच कपडे दुसऱ्या साठ जणांना घालायचे होते. लंबूची पॅंट लगेच ओळखू आली, तिच्या पायाची दुमड पार शेवटच्या दोऱ्यापर्यंत सोडलेली होती. संध्याकाळी तो स्वतःच येऊन गेला. पाय झाकतील अशी एखादी पॅंट असलेली नोकरी असेल तर सांगा वहिनी, म्हणाला आणि हसला. आम्हीही हसलो, पण काका त्या दिवशी आत्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होते.

त्यामुळे आठ महिन्यांनी दुसरं पत्र आलं तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. शनिवारपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. काकांनी पत्र सरळ आत्याच्या मशिनीवर ठेवलं आणि सांगितलं, की तू म्हणशील तसं. अजून गणवेशाचा कागद आलेला नाही, आल्यावर बघू, असं ती म्हणाली. सोमवार गेला, मंगळवार गेला. काका रोज दुपारच्या फेरीला निघताना खिळ्याकडे बघायचे आणि बसची किल्ली उचलायचे. त्यांचा जीव कारखान्यात अडकला होता. बस ते नीटच चालवायचे, पण घरी कधी बसबद्दल बोलायचे नाहीत. लेथबद्दल मात्र सुरू झाले की थांबायचे नाहीत.

गुरुवारी मी माझ्या शर्टाचं बटण लावून घ्यायला गेलो. काका फेरीला गेले होते. आत्याचा हात मोकळा नव्हता, म्हणून मीच बटणांचा डबा उघडला. बटणांच्या खाली घडी घालून ठेवलेला कारखान्याचा कागद होता. एकशे चाळीस गणवेश. प्रत्येकाचं वेगळं माप, कामगार दुकानात येऊन देतील. खिशावर नाव शिवून. कमरेत दोन इंच. तारीख सोमवारची.

मी कागद तिच्यापुढे धरला. ती मशीन चालवतच राहिली. मग शिवण संपली तरी चालवत राहिली, नुसतीच.

“खरा आहे कागद,” ती शेवटी म्हणाली. “मला कळतं रे. पण तो डबा घेऊन ते दारात उभे होते ना, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कागद आज खरा आहे. दोन वर्षांनी कोण सांगणार? पुन्हा तसे घरी आले तर मला बघवायचं नाही. इथे निदान बटणं लावतात, हसतात.”

मला यावर सांगण्यासारखं पुष्कळ पाठ होतं, गुंतवणूक, मागणी, आत्मविश्वासाचा निर्देशांक. त्यातलं एकही वाक्य तिच्यापुढे उच्चारायची लाज वाटली. आयुष्यभर जिला घाबरताना पाहिलं नाही ती घाबरली होती, आणि मला तिचा राग येत होता आणि मायाही. मी एवढंच म्हणालो, की तू कागद वाचलास, मी वाचला, मग ज्यांची कंबर आहे त्यांनी वाचायला नको का?

काका पाच वाजता आले. आत्याने कागद त्यांच्या हातात दिला आणि सोमवारीच आला होता हेही सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावून तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. मला वाटलं, आता भडका उडणार. त्यांनी कागद नीट घडी घालून तिला परत दिला.

“अगं, त्या दिवशी कुणीच जेवलं नव्हतं, म्हणून डबा तसाच आला,” ते म्हणाले. “आता पुन्हा तशी वेळ आली तर आधी जेवेन आणि मगच घरी येईन. मग तर झालं?”

आत्या हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी माझं बटण स्वतःच लावलं, वाकडं.

पुढच्या सोमवारी दुकानाबाहेर मापं द्यायला रांग लागली. लंबू आला तेव्हा आत्या पायाचं माप दोनदा घेऊन म्हणाली, की तुझ्या एका पायात दुसऱ्या कुणाची अख्खी पॅंट बसेल. काका सगळ्यांत शेवटी उभे राहिले, घरचे म्हणून पुढे घुसले नाहीत. मापवहीत त्यांची जुनी कंबर चौतीस होती. टेपवर अडतीस आली. सगळं दुकान हसलं, काका श्वास आत ओढून म्हणाले, की पुन्हा बघ. तिने पुन्हा बघितलं नाही. अडतीस लिहिलं आणि कापताना दोनच्या जागी तीन इंच सोडले. कारखान्याच्या साहेबाने विचारलं तर कात्री चुकली म्हणून सांगा, म्हणाली. तिची कात्री चुकत नाही हे साहेबालाही माहीत आहे.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मुळीच नाही. कारखान्यात पूर्वी तीनशे माणसं होती, आज एकशे चाळीसच आहेत. कोपऱ्यावरच्या दोन दुकानांची शटर्स अजून खालीच आहेत, आणि कॉलर उलटवून मागणारा महिन्याकाठी एखादा तरी येतोच. पण काकांच्या खिशावर त्यांचं नाव आहे, आणि रविवारी ते सवयीने बटणं लावायला बसतात.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. परवाच्या मंगळवारी मी गेलो तर काका आरशापुढे उभे राहून पॅंटचं बटण लावायची खटपट करत होते, चेहरा लालबुंद. ते जरासे ओशाळले होते. आत्या मात्र खुशीत होती. तिने पॅंट उतरवून घेतली, मागची शिवण उसवली, आतलं न विटलेलं नवंकोरं कापड बाहेर काढलं आणि कंबर अर्धा इंच वाढवून दिली. अजून अडीच इंच शिल्लक आहेत, असं तिने मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी नेहमीचा धडा घेतला, आकडे, बाण, सगळं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, पण मंदी संपली असं नक्की कधी म्हणायचं?”

मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “इतरांचं माहीत नाही. आमच्याकडे काल संपली.”