एक छटा फिकट

आमच्या संग्रहालयाच्या तळघरात मामा एकतीस वर्षं दगडातून हाडं मोकळी करत होते. हातात सुई, डोळ्याला भिंग, तोंडाला कुलूप. ते नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, पण हाक सगळे तीच मारायचे. त्या इक्थिओसॉरला त्यांनी सहा वर्षं दिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला हा समुद्री सरपटणारा प्राणी. लांब चोच, बशीएवढा डोळा. शेपटीच्या टोकाची अकरा हाडं मात्र दगडात नव्हतीच. मामांनी ती प्लास्टरची केली आणि मुद्दाम एक छटा फिकट रंगवली.

"प्राणी कुठं संपला नि आपण कुठं सुरू झालो, हे बघणाऱ्याला कळायला हवं," ते म्हणायचे. याबाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

मी तिथं पाट्या रंगवायची. माझा हात मामांनीच घडवला. ब्रश न धुता ठेवला की खरडपट्टी ठरलेली.

संग्रहालयाचे प्रमुख, आमचे साहेबही मामांच्याच हाताखाली शिकलेले, त्यांच्याच डब्यात जेवलेले. मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर असताना ते मला म्हणाले, "शेपूट एकसारखी करून टाक. फोटोत ठिगळ दिसतं." मी तासाभरात ती फिकट छटा बुजवली. खोटं कशाला सांगू, काम झकास जमलं म्हणून मी खूश होते. मामा परतले तोवर सांगाडा काचेआड, पिवळ्या दिव्यांखाली गेला होता. त्यांना काही कळलं नाही. साहेबांनी मात्र 'संपूर्ण सांगाडा' म्हणून लेख छापला नि नाव कमावलं.

वर्षभरानं बाहेरच्या तज्ज्ञांनी प्लास्टर पकडलं. चौकशी बसली.

"मी मामांवर विश्वास ठेवला," साहेब म्हणाले. "त्यांनीच मला फसवलं." त्या डब्याची तरी लाज बाळगायची!

मामांनी सुईनं शेपटी खरवडली. खालून फिकट रंग निघाला. "हा माझा. वरचा माझा नाही."

"मग कुणाचा?" समितीच्या बाईंनी विचारलं.

मामा वाकून ब्रशचे फटकारे न्याहाळत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. साहेबही माझ्याकडंच पाहत होते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी गप्प बसले.

मामांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांना काढून टाकलं.

जाताना ते माझ्या टेबलाशी आले. रंग वाळून कडक झालेला माझा ब्रश त्यांनी पाण्यात बुडवला, बोटांनी केस मोकळे केले, पुसून जागेवर ठेवला. रागावले मात्र नाहीत.