न मोडलेली पट्टी

कारखान्यात त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. लिहिता-वाचता येत होतं, सहीही वळणदार होती. पण पोट अंगठ्यांवर चालत होतं. प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही हातांत धरायची, मधोमध अंगठे टेकवायचे आणि मोडेपर्यंत वाकवायची. दिवसभर हेच. पट्टी कशी मोडली ते तो सांगे आणि त्यावर पुढचं मिश्रण ठरे.

प्लॅस्टिक मक्यापासून केलेलं. त्याच्या कुंड्या करायच्या, रोपासकट पुरायच्या, त्या मातीतच कुजतील, असा मालकाचा बेत. बेत चांगला होता, माल वाईट. कुंडी हातातून निसटली की काचेसारखे तुकडे.

"अगदी माझा मेव्हणा," मशीनवरचा मिस्त्री म्हणायचा. "मोडेन पण वाकणार नाही."

म्हणून त्यात रबर मिसळायचं. रबराचे बारीक थेंब सगळीकडे सारखे पसरले, तर भेग थेंबापाशी अडते, पुढे पळत नाही. तेव्हा पट्टी वाकताना मधोमध पांढरी पडते. ती खूण. रबर कमी पडलं तर टक्. जास्त झालं तर ओल्या मातीच्या भाराने कुंडी बसते. शिवाय रबरही कुजणारंच हवं, आणि तसलं रबर या प्लॅस्टिकशी धड मिळून येत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मालकाने बजावलं होतं, या हंगामात जमलं नाही तर हे खातं बंद. मिस्त्री कुठेही खपला असता. केमिस्ट बाईंनाही काम मिळालं असतं. बहाद्दरला या वयात कोणी दारात उभं केलं नसतं.

आणि एका सकाळी पट्टी मोडेना. त्याने दुसरी घेतली. तीही मोडेना. नखं पांढरी पडली, पट्टी तशीच.

"पांढरी पडली का?" बाईंनी विचारलं.

"थोडी," तो म्हणाला. पडली असेल, आपल्याला दिसली नसेल, असं त्याने मनाला समजावलं. मन लगेच समजलं.

पट्ट्या बाहेर तपासणीला पाठवू, असं बाई म्हणत होत्या. मालक हसले. "बहाद्दरचे अंगठे असताना मशीन कशाला? घाला हाच माल साच्यात!"

संध्याकाळी घरी त्याला बरणीचं झाकण फिरेना. बायकोने हात पुढे केला.

"द्या इकडे. हल्ली मीच उघडते ना सगळं."

"हल्ली म्हणजे?"

"बरेच दिवस झाले. बोलले नाही, तुम्हाला लागलं असतं."

तिने झाकण सहज फिरवलं. तो आपल्या हातांकडे बघत बसला. पट्टी चिवट झाली नव्हती.

सकाळी त्याने एक पट्टी मिस्त्रीपुढे धरली.

"मोड."

"तुमचं काम मी कशाला करू?"

"मोड म्हणतो ना!"

टक्. कडा काचेसारखी. पांढरेपणाचा ठिपका नाही.

मिस्त्रीने दोन्ही तुकडे आपटले. "दादा, गप्प बसायला काय जात होतं तुमचं? खातं चार दिवस तरी चाललं असतं!"

"कुंड्या फुटल्या असत्या."

"त्या फुटणारच आहेत! आता आपणही फुटलो."

बाईंनी तुकडे उचलून पाहिले. रागावल्या नाहीत. "एक पट्टी मी स्वतः मोडून बघायला हवी होती," म्हणाल्या. "तुम्ही होतात, म्हणून नाही बघितली." बहाद्दरला मिस्त्रीचं बोलणं सोसलं होतं, हे सोसवेना.

नंतर सगळे राबले. प्लॅस्टिकचे दाणे जास्त वेळ सुकवले, मशीनमध्ये माल घुसळत पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग उतरवला, रबर वाढवलं. पट्ट्या आता मिस्त्री मोडायचा, बहाद्दर पोती रिकामी करायचा आणि झाडू मारायचा. एकदा पट्टी खरंच वाकली, मधोमध पांढरीशुभ्र पडली. तिघेही आनंदले. त्या मिश्रणाच्या कुंडीत ओली माती भरली आणि दुपारपर्यंत तिचे काठ आत लवले. रबर उतरवलं. टक्. पुन्हा चढवलं. पुन्हा लवली. मेहनत कुठेच कमी पडली नव्हती. मेहनतीने सगळंच होतं, हे शाळेच्या भिंतीवर लिहायला ठीक.

हंगाम गेला. मालकाने त्याच मशीनवर साध्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या काढायचं ठरवलं. त्या फुटत नाहीत, बसत नाहीत आणि कधी कुजतही नाहीत. मिस्त्रीला ठेवून घेतलं. बाई दुसरीकडे गेल्या. बहाद्दरला सांगितलं, मशीन साफ करून दे आणि मग ये, उद्यापासून काम नाही.

त्याने स्क्रू बाहेर काढायला लावला, पितळी ब्रशने खाच न् खाच घासली, जुन्या मालाचा कण ठेवला नाही. काळ्या मालाला तेवढी सफाई लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. झाकण बसवलं, बोल्ट लावले. शेवटचा बोल्ट काही त्याच्याने आवळेना. मिस्त्रीने पाना त्याच्या हातातून घेतला.